नावाड्याची एकोणीस वाक्यं

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. नियम तीन. रोज लिहायचं, खरं लिहायचं, थंड पाणी प्यायचं नाही. तिसरा नियम आवाजासाठी. डबिंग कलाकाराचा घसा बसला की सगळंच बसतं.

हिला आज हॉस्पिटलमधून घरी आणलं. मोठे डॉक्टर स्वतः म्हणाले, आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या, आवडेल ते खाऊ द्या. म्हणजे पथ्यसुद्धा संपलं! फुप्फुसातल्या आजाराचं नाव इथे लिहिणार नाही, लिहिलं की उगाच मान दिल्यासारखं होतं. जाता जाता त्यांनी दीड-दोन महिने असं काहीतरी म्हटलं. डॉक्टर लोक मुदत नेहमी कमीच सांगतात. पुढे पेशंट ठणठणीत झाला की श्रेय त्यांना.

दुसरी आनंदाची बातमी. स्टुडिओत मोठी परदेशी मालिका आली आहे. ग्रीक पुराणावरची. देव, राक्षस, तलवारी, पाताळ. दहा भाग. हिरो अर्धा देव, अर्धा माणूस. त्याची बहीण मेली आहे आणि तिला परत आणायला तो पाताळात निघाला आहे. सगळे देव सांगतात, मेलेलं माणूस परत येत नाही. तो म्हणतो, बघूच. मला त्याचं पटतं. परवा त्याच्या आवाजाची टेस्ट. बाजी मारणार.

४ मार्च

टेस्ट उत्तम झाली. दिग्दर्शिका (तिशीची पोर, मला काका म्हणते) म्हणाली, काका, हिरो बावीस वर्षांचा आहे. मी सांगितलं, आवाजाला वय नसतं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टला खोकल्याची उबळ आली. ह्या रेकॉर्डिस्टला आम्ही कानसेन म्हणतो. शेजारच्या खोलीत कुणाच्या पोटात कावळे ओरडले तरी त्याला हेडफोनमध्ये ऐकू येतं.

मला नावाडी दिला. मेलेल्यांना काळ्या नदीतून पलीकडे पोचवणारा. दहा भागांत एकोणीस वाक्यं. वरवर पाहता कमी. पण हिरो नसला तरी गोष्ट होईल. नावाडी नसला तर एकही मेलेला माणूस जागचा हलणार नाही. म्हणजे मुख्य भूमिका तीच. बरं झालं हिरो गेला.

५ मार्च

हिला सांगितलं. धाप लागेपर्यंत हसली. म्हणाली, तुम्ही माणसं पलीकडे नेणार? रस्ता ओलांडताना तुमचा हात मला धरावा लागतो. मी दुर्लक्ष केलं. मग म्हणाली, माझ्याकडून नाणं घेणार का हो? (त्या पुराणात मेलेल्याने नावाड्याला नाणं द्यायचं असतं.) म्हटलं, विषय बदल. बदलला. तिला बदलावा लागला की ती खिडकीकडे बघते.

हसली एवढं खरं. हसणारं माणूस आजारी नसतं.

८ मार्च

सराव सुरू. आमच्या कामात प्रत्येकाला फक्त स्वतःच्या वाक्यांचा कागद मिळतो. बाकी सगळं रिकामं, समोरच्याच्या वाक्याच्या जागी नुसते सेकंद. तो आपली वाक्यं वेगळ्या दिवशी येऊन बोलून जातो, आपली गाठही पडत नाही. बारा सेकंद पाताळराजा, मग मी. चार सेकंद म्हातारी, मग मी. त्यामुळे घरी समोरच्याची वाक्यं म्हणायला कुणीतरी लागतं. ते काम तीस वर्षं हीच करते. राण्या झाली, राक्षस झाली, एकदा तर बोलणारी शेळी झाली. निवृत्तीपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, त्यामुळे सुरुवात नेहमी एकाच शब्दाने. मी खुर्ची ओढली की म्हणते, बोला.

कानसेनने मोठ्या अक्षरात संपूर्ण स्क्रिप्ट छापून दिली, खास हिच्यासाठी. ती हिच्या उशाशी. मी उघडून बघत नाही. मुरलेला कलाकार फक्त आपली वाक्यं वाचतो. पुढचं कळलं की अभिनय बिघडतो.

११ मार्च

आज जुनी वही काढली. मी आजवर पडद्यावर ६४३ वेळा मेलो आहे. बाण ७९, तलवार १५२, विष ३८, बुडून ४१, कड्यावरून पडून ६०, म्हातारपणाने फक्त ९, बाकी किरकोळ. सैनिक, भालदार, दुसरा चोर, सगळ्यांची मरणं माझ्याकडे. ह्या शहरात मरणाचा आवाज माझ्याइतका कुणालाच कळत नाही. आधी धाप. मग घशातून घरघर. मग मधे तुटलेलं एखादं वाक्य, आणि लांब उसासा. चारही अंगं जुळली तरच मरण.

हे लिहिण्याचं कारण, हिच्यात ह्यातलं काहीही नाही. थोडी धाप आहे. ती ऑक्सिजनच्या मशीनमुळे असणार. मशीनचा घूं आवाज सरावात फार लुडबुडतो.

१५ मार्च, रविवार

हिला माझ्याशी बोलायचं आहे म्हणे. कालपासून दोनदा म्हणाली. कपाटातली कागदपत्रं, लेकीला काय द्यायचं, वॉशिंग मशीन कसं लावायचं, आणि आणखी एक. आणखी एक काय, तर म्हणाली, निवांत असाल तेव्हा सांगते. म्हटलं, रविवारी. आज रविवार. सकाळी आवाजाचे व्यायाम झाले. वाफ घेतली. दुपारी जरा डोळा लागला. संध्याकाळी मूड गेला. पुढच्या रविवारी नक्की.

१९ मार्च

पहिलं रेकॉर्डिंग. सात वाक्यं. मी प्रत्येकाच्या शेवटी थोडी घरघर टाकली. दिग्दर्शिका म्हणाली, काका, नावाडी मेलेला नाही, तो मेलेल्यांना नेतो. म्हटलं, मला पलीकडचा अनुभव जास्त आहे. ती म्हणाली, घरघर नको. मी नाइलाजाने काढली. सातही ओके. शेवटच्या वाक्याला कानसेनने अंगठा दाखवला. नंतर कळलं तो चहावाल्याला दाखवला होता, तरी मीही काचेच्या त्याच बाजूला होतो.

२३ मार्च

लेक आली. दोन बॅगा. एक महिन्याची रजा म्हणाली. एवढी रजा देतात म्हणजे त्यांच्या ऑफिसात काम नसणार. तिला सावध करायला हवं. आल्या आल्या आईजवळ बसली आणि दोघी दार लोटून तासभर बोलत होत्या. बाहेर आली तेव्हा नाक लाल. प्रवासात सर्दी झाली असावी. वाफ घे म्हटलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आईशी बोललात का? म्हटलं, रोज बोलतो. रोज सराव असतो.

२९ मार्च, रविवार

आज ठरवलंच होतं. ही म्हणाली, पाच मिनिटं पुरतील. पण पाच मिनिटांत काय बोलणार? अशा गोष्टींना ऐसपैस वेळ हवा. शिवाय नळ गळत होता. प्लंबर येणार होता. आला नाही. त्याची वाट बघण्यात दुपार गेली. तो आला असता तर दुपार मोकळी होती.

वॉशिंग मशीनचं तिने लेकीला सांगून टाकलं. तेवढं एक ओझं कमी झालं.

२ एप्रिल

दुसरं रेकॉर्डिंग. सहा वाक्यं. तीन टेक जादा. लक्ष थोडं इकडेतिकडे. थंड पाण्याचा परिणाम. (काल प्यायलो. नियम आजपासून पुन्हा.)

३ एप्रिल

रोज येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, श्वास बदललाय, तयारी ठेवा. मी त्यांना बाहेरच्या खोलीत नेऊन समजावून सांगितलं की मरणाच्या श्वासाला पोटातून आवाज लागतो. करूनही दाखवला. आधी बाणाचा, मग म्हातारपणाचा. बाई बघत राहिल्या, मग चपला घालून गेल्या. लेक स्वयंपाकघरातून धावत आली. मला पाहून खाली बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, बाबा, असले आवाज घरात काढू नका. खरी कला असली की लोक घाबरतातच.

आत जाऊन पाहिलं तर ही जागी. म्हणाली, नऊपैकी कितवं हो ते? माझी वही तिला पाठ आहे.

९ एप्रिल

शेवटच्या सहा वाक्यांचा सराव. प्रसंग असा: नावेत एक म्हातारी बसायला कचरते. चार सेकंद म्हातारी, मग नावाडी म्हणतो, बैस नावेत, वेळ झाली. माझं एकोणिसावं वाक्य. मालिकेचा कळस.

मी खुर्ची ओढली. ही म्हणाली, बोला. स्क्रिप्ट छातीवर उपडी होती. डोळे मिटून म्हातारीचं वाक्य म्हणायला लागली. म्हणाली, अरे नावाड्या, मला पलीकडची काळजी नाही. पण ह्या काठावर माझं एक माणूस उभं आहे. त्याला वाटतं, ऐकलं नाही की घडणार नाही. त्याला सांग, मी रागावले नाही. फक्त नावेत मला एकटीला बसवू नकोस रे. काठापर्यंत तरी हात धर.

लेखकाने बरं लिहिलं आहे, पण लेखकांना हात आवरत नाही. मी घड्याळ लावलं होतं. मधल्या धापा धरून बत्तीस सेकंद. मी सांगितलं, म्हातारीला कागदावर चारच सेकंद आहेत, पडद्यावरचे ओठ तेवढेच हलतात, बाकीचं गाळावं लागेल. तिने विचारलं, चारच? म्हटलं, चारच. मग म्हणाली, बरं, छोटं करून बघते.

१४ एप्रिल, मंगळवार

हिने करून दाखवलं! आज सकाळी मी खुर्ची ओढायच्या आत म्हणाली, अहो ऐका, झालं छोटं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, मला भीती वाटते.

दोन सेकंद. माझ्याकडे दोन शिल्लक. मी पोटातून आवाज उचलला आणि खिडकीची काच थरथरेल असा म्हणालो, बैस नावेत, वेळ झाली.

काय टायमिंग! तीस वर्षांत असं जुळलं नव्हतं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे बघा वाक्याची ताकद. म्हटलं, परत एकदा घेऊ? मान हलवून नको म्हणाली. थकली होती. पेन्सिल मागितली, स्क्रिप्टवर काहीतरी खूण केली आणि कूस बदलली.

१६ एप्रिल

तिसरं रेकॉर्डिंग. एकोणिसावं वाक्य एका टेकमध्ये. कानसेनने हेडफोन कानावरून काढले. एवढा मोठा लागला आवाज. दिग्दर्शिका म्हणाली, काका, हाच ठेवू. घरी येऊन हिला सांगितलं. डोळे मिटलेलेच, पण ओठ हलले. बहुधा शाब्बास.

१९ एप्रिल, रविवार

आज पूर्ण दिवस मोकळा ठेवला. वाफ नाही, व्यायाम नाही, प्लंबर नाही. फोन बंद. सकाळी नऊ वाजता खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, सांग, काय ते आणखी एक. ही झोपलेली. अकरा वाजता झोपलेली. चार वाजता झोपलेली. नर्सबाई म्हणाल्या, आता जागं व्हायचं प्रमाण कमीच राहील. मी आलो तर ही झोपते, ह्याला काय म्हणावं. पुढच्या रविवारी.

२१ एप्रिल, मंगळवार, दुपारी ३.४०

लेक औषधं आणायला गेली आहे. मी हिच्या शेजारी. गेले दोन दिवस श्वासाला जी घरघर होती ती थांबली. मी कानसेनसारखा कान देऊन ऐकलं. धाप नाही. उसासा नाही. मधे तुटलेलं वाक्य नाही. श्वास इतका हलका झाला आहे की मशीनच्या आवाजात ऐकूच येत नाही. कपाळावरच्या आठ्याही गेल्या. झोप एकदम शांत. म्हटलं होतं ना. सुधारणा आहे. लेक आली की तिला पहिली ही बातमी

२२ एप्रिल



२४ एप्रिल

कालची वाक्यं अर्धी राहिली. कालची नाही, मंगळवारची.

लेक आली. तिने औषधाची पिशवी ठेवली, आईच्या हाताला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बोटाने गप्प अशी खूण केली. झोपली आहे, उठवू नको. तिने मशीन बंद केलं. मग खरोखरच काही ऐकू येईना. तिने विचारलं, कधी? मला सांगता आलं नाही. मी तिथेच होतो. हातभर अंतरावर. पेन हातात होतं.

काहीच आवाज झाला नाही.

२८ एप्रिल

६४३ वेळा मेलो. एकदाही बरोबर जमलेलं नाही.

वही माळ्यावर टाकली.

६ मे

लेकीने रजा वाढवली. ती हिची खोली आवरते आहे. मी मदत करायला जातो आणि एखादी वस्तू हातात घेऊन उभा राहतो. वॉशिंग मशीन लावायचा प्रयत्न केला. कुठलं बटण आधी ते लेकीला विचारावं लागलं. तिने सांगितलं, जसं हिने तिला सांगितलं होतं तसं.

दुपारी उशीखालून स्क्रिप्ट निघाली. सवयीने माझी वाक्यं शोधली. हिने प्रत्येकापुढे पेन्सिलने बरोबरची खूण केली होती. पहिल्यापासून अठराव्यापर्यंत. एकोणिसाव्यापुढे खूण नाही. समासात दोन शब्द. अक्षर थरथरलेलं. हळू म्हणा.

मग पहिल्यांदाच म्हातारीचं वाक्य वाचलं. शोधायचं होतं की पुढे तिचं काय होतं, कुणी हात धरतं का.

म्हातारी म्हणते, नाव गळतेय का रे?

एवढंच. मागची पानं पाहिली. पुढची पाहिली. काठावरचं माणूस कुठे नाही. हात धरणं नाही. मी रागावले नाही, हे नाही. मला भीती वाटते, हे दहाही भागांत कुणीच कुठे म्हणत नाही. हिरोची बहीण म्हणत नाही, पाताळराजा म्हणत नाही. तीनदा शोधलं. लेकीला चष्मा पुसून दिला आणि म्हटलं, तू शोध. तिने विचारलं, काय शोधायचंय? मी सांगितलं. तिने स्क्रिप्ट मिटली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

हेच ते आणखी एक. मी त्याला घड्याळ लावलं.

१० मे, रविवार

खुर्ची ओढली. नुसताच बसलो. बोला म्हणायला कुणी नाही. तिची फार आठवण येते. हे वाक्य रोजनिशीत आधीच यायला हवं होतं. खरं लिहायचं असा नियम होता.

११ मे

स्टुडिओत गेलो. दिग्दर्शिकेला म्हटलं, एकोणिसावं वाक्य परत घ्यायचंय. हळू म्हणायचंय. ती म्हणाली, काका, काकूंचं कळलं, तुम्ही का आलात, बसा आधी. मी म्हटलं, दहा मिनिटं. कानसेनने काही न विचारता माइक लावला.

पडद्यावर तो परदेशी नावाडी आला. मी हळू म्हणालो. बैस नावेत, वेळ झाली. जसं एखाद्याला खुर्ची द्यावी तसं. मग दिग्दर्शिका म्हणाली, काका, फार छान, पण जुळत नाही. खरंच होतं. पडद्यावरच्या नावाड्याचं तोंड टाळूपर्यंत उघडं होतं, दात दिसत होते. तो ओरडतच होता. शिवाय भाग गेल्या आठवड्यातच चॅनेलकडे गेला आहे. आता कुणालाच काही बदलता येत नाही. कानसेन म्हणाला, काका, आवाज इतका बारीक होता की काटा हललाच नाही. मग म्हणाला, पण मला ऐकू आला.

५ जून, शुक्रवार

मालिकेचा शेवटचा भाग. लेक मुद्दाम दोन दिवसांसाठी आली. दोघं बघायला बसलो. एरवी माझं वाक्य आलं की ही बोट दाखवून म्हणायची, आले बघा तुम्ही. नावं तर आमची कधी येत नाहीत. लेकीला ते माहीत होतं. तिने बोट उचललं आणि खाली ठेवलं.

म्हातारी म्हणाली, नाव गळतेय का रे? कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज. चार सेकंद भरण्यासाठी तिने पुढे थोडं हुं हुं केलं होतं. मग मी. घरभर घुमला. बैस नावेत, वेळ झाली. लेकीने पटकन रिमोट घेऊन आवाज कमी केला, पण वाक्य संपलं होतं.

हिरो बहिणीशिवाय परत आला. पाताळाच्या दारातून एकटाच बाहेर पडला आणि उन्हात डोळे चोळत उभा राहिला. मला वाटलं होतं, हा तरी आणेल.

लेक भांडी घासायला उठली. मी टीव्ही बंद केला आणि आत जाऊन पलंगाशी खुर्ची ओढली. घड्याळ समोर ठेवलं. तिचं वाक्य मनात म्हटलं, मला भीती वाटते. दोन सेकंद. मग माझं म्हणून पाहिलं, हळू.

मलाही.

एक सेकंद लागला. चार सेकंदांत आमचं दोघांचंही झालं असतं.